गुणांची चढण : मॅट्रिकपासून दहावीपर्यंत

महाराष्ट्रात दहावीची टक्केवारी ही विद्यार्थ्याची, त्याच्या शाळेची आणि बऱ्याच अंशी त्याच्या घराचीही प्रतिष्ठा ठरवते. तथापि ही टक्केवारी काळाच्या ओघात इतकी बदलत गेली आहे की दोन पिढ्यांच्याच काय, लागोपाठच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिकाही शेजारी ठेवून त्यांची तुलना करणे कठीण व्हावे. 60 टक्क्यांची प्रथम श्रेणी मिळाली की ज्या समाजात पेढे वाटले जात, त्याच समाजात आज 90 टक्के मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला नामांकित महाविद्यालयात अकरावीचा प्रवेश मिळेलच अशी खात्री देता येत नाही. विद्यार्थ्यांचे ज्ञान तितक्या प्रमाणात न वाढता गुण मात्र वर्षानुवर्षे वाढत जाणे, याला गुणांचा फुगवटा म्हणतात. त्याचे खापर कधी परीक्षकांच्या सढळ हातावर, कधी सोप्या प्रश्नपत्रिकांवर, तर कधी पालकांच्या हव्यासावर फोडले जाते. परंतु मुंबई इलाख्यातील मॅट्रिकपासूनचा इतिहास तपासला असता या फुगवट्याचे मूळ अन्यत्र असल्याचे दिसते. शिक्षणाचा एक टप्पा पुरा झाल्याचा दाखला देणे, पुढील शिक्षणासाठी विद्यार्थी निवडणे आणि शाळाशाळांची तुलना करणे ही तीन भिन्न कामे एकाच परीक्षेवर सोपवली गेली, आणि त्यांचा भार वाढेल तसतसा गुणांचा आकडा वर सरकत राहिला.

मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 साली झाली आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 साली घेण्यात आली. त्या परीक्षेला सव्वाशेच्या वर उमेदवार बसले आणि जेमतेम वीस-बावीस उत्तीर्ण झाले; महादेव गोविंद रानडे त्यांच्यापैकी एक होते. मॅट्रिक ही मुळात विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. इंग्रजीतून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा भार कोणाला पेलेल एवढेच तिने ठरवायचे होते, त्यामुळे बहुसंख्य उमेदवार नापास होणे हे त्या काळी परीक्षेचे अपयश मानले जात नसे. मात्र सरकारी कचेऱ्यांतील नोकऱ्यांसाठी मॅट्रिकचे प्रमाणपत्र चालू लागल्यावर, ज्यांना विद्यापीठात पाऊलही ठेवायचे नव्हते असे विद्यार्थीही तिच्याकडे वळले, आणि प्रवेशपरीक्षा हीच शालेय शिक्षणाची अखेरची पायरी होऊन बसली.

शाळांची तुलना निकालावरून करण्याची पद्धतही याच काळात रुजली. 1854 च्या वुड यांच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले होते. अनुदान कोणत्या मापाने द्यायचे, हा प्रश्न उरला होता. मुंबई इलाख्याचे शिक्षण संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या कारकिर्दीत, 1860 च्या दशकाच्या मध्यास, ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत येथे लागू झाली. इंग्लंडमध्ये 1862 च्या सुधारित नियमावलीने रॉबर्ट लो यांनी तिचा पायंडा पाडला होता. निरीक्षकाने शाळेत येऊन विद्यार्थ्यांची विषयवार परीक्षा घ्यायची आणि उत्तीर्णांच्या संख्येनुसार शाळेला पैसे मिळायचे, असे तिचे स्वरूप होते. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणारी ही व्यवस्था वरकरणी न्याय्य होती. परंतु शिक्षकाचे लक्ष निरीक्षक जे विचारील तेवढ्यापुरते आखडावे आणि घोकंपट्टीला प्रतिष्ठा मिळावी, हा तिचा परिणाम अटळ होता. लॉर्ड कर्झन यांच्या काळातील 1904 च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने या पद्धतीचा त्याग करण्याची दिशा दाखवली. अनुदानाचे गणित त्यानंतर बदलले, तरी शाळेची किंमत तिच्या निकालावरून करण्याची सवय समाजाच्या अंगी कायमची मुरली.

या सवयीची दुसरी, अधिक उजळ बाजूही होती. जगन्नाथ शंकरशेट यांच्या स्मरणार्थ संस्कृतातील प्रावीण्यासाठी मॅट्रिकला दिली जाणारी शिष्यवृत्ती ही विद्यार्थ्याइतकीच त्याच्या शाळेचीही शान समजली जाई. 1912 साली चिंतामण द्वारकानाथ देशमुख मॅट्रिकला इलाख्यात पहिले आले आणि ही शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि केंद्रीय अर्थमंत्री झाल्यावरही त्यांच्या चरित्रात या यशाचा उल्लेख आवर्जून होत राहिला. मात्र येथे विद्यार्थ्याचे स्थान महत्त्वाचे होते, गुणांचा आकडा नव्हे. पहिला आलेला पहिलाच राहतो, मग त्या वर्षीची प्रश्नपत्रिका सोपी असो वा अवघड. स्थानाला फुगवटा येत नाही. तो गुणांना येतो.

सॅडलर आयोगाने 1919 साली माध्यमिक परीक्षा विद्यापीठांकडून काढून स्वतंत्र मंडळांकडे द्याव्यात असे सुचवले होते. मुंबई प्रांतात ते प्रत्यक्षात यायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. 1948 च्या कायद्यान्वये एसएससी परीक्षेसाठी मंडळ स्थापन झाले आणि 1949 साली पहिली एसएससी परीक्षा झाली. राज्याच्या निर्मितीनंतर 1965 चा कायदा झाला, 1 जानेवारी 1966 रोजी आजचे राज्य मंडळ अस्तित्वात आले, आणि कोठारी आयोगाच्या शिफारशींना अनुसरून दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारल्यानंतर 1975 पासून शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीच्या अखेरीस होऊ लागली. हा बदल केवळ व्यवस्थेचा नव्हता. विद्यापीठाचे दार राखणारी परीक्षा आता प्रत्येक मुलाच्या शालेय शिक्षणाची सांगता करणारी परीक्षा झाली, आणि जी परीक्षा सर्वांसाठी आहे तिच्यात निम्मी मुले नापास होणे कोणत्याही लोकशाही सरकारला परवडण्यासारखे नव्हते. उत्तीर्णांचे प्रमाण वाढले त्यात न्यायाचा मोठा अंश होता, हे विसरता कामा नये.

लाखो उत्तरपत्रिका हजारो परीक्षकांनी तपासायच्या म्हटल्यावर गुणदानात सारखेपणा आणणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे गेली तर तिला वेगवेगळे गुण मिळतात, हे फिलिप हारटॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये प्रयोगांनी दाखवून दिले होते. म्हणून मंडळाच्या व्यवस्थेत परीक्षकावर नियामक आणि त्याच्यावर मुख्य नियामक असतो. नियामक काही उत्तरपत्रिका पुन्हा तपासून परीक्षकाचा हात फार कडक किंवा फार सैल नाही ना, हे पाहतो. ही शिस्त एका मंडळाच्या, एका वर्षाच्या परीक्षेपुरती उपयोगी पडते. दोन मंडळांचे किंवा दोन वर्षांचे गुण एका मापावर आणण्याची कोणतीही सोय तिच्यात नाही, आणि पुढील सगळे वाद नेमके याच उणिवेतून उभे राहिले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘बोर्डात येणे’ हा मराठी घरांचा ध्यास होता. निकालाच्या दिवशी गुणवत्ता यादी जाहीर होई, यादीतील मुलांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकत आणि त्यांच्या शाळांची नावे घरोघर पोहोचत. मुंबई-पुण्याच्या जुन्या शाळांचे या यादीवरील वर्चस्व मोडून मराठवाड्यातील लातूरने आपले नाव कोरले, तेव्हा ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या नेतृत्वाखाली राजर्षी शाहू महाविद्यालयात आकारास आलेल्या या पद्धतीत जादा तासिका, सराव परीक्षांची अखंड मालिका आणि उत्तरपत्रिकेतील प्रत्येक चुकीची चिकित्सा यांवर भर होता. मागास मानल्या गेलेल्या प्रदेशातील मुलांनी शिस्तबद्ध कष्टाने मिळवलेले हे यश खरे होते आणि त्याने असंख्य घरांना आत्मविश्वास दिला. पण त्याच वेळी परीक्षेची तयारी हे स्वतंत्र तंत्र असून ते शिकवता येते, हेही सगळ्यांना कळून चुकले. स्पर्धेच्या ताणामुळे या शतकाच्या पहिल्या दशकात मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली. उद्देश स्तुत्य असला तरी त्यामुळे स्थानाची जागा पूर्णपणे टक्केवारीने घेतली.

त्याच दशकात केंद्रीय आणि आयसीएसई मंडळांच्या शाळांतून राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत येणाऱ्या मुलांची संख्या वाढली आणि तीन मंडळांचे गुण एकाच प्रवेशयादीत येऊन बसले. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो या भावनेतून शासनाने लागोपाठ तीन उपाय योजले. 2008 साली पर्सेंटाइलचे सूत्र आणले गेले. आपल्या गटातील किती टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे कोण आहे हे सांगणारे माप म्हणजे पर्सेंटाइल, आणि निरनिराळ्या परीक्षांचे गुण एका मापावर आणणे हा त्यामागचा हेतू होता. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. 2009 साली राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी 90 टक्के जागा राखण्याचा निर्णय झाला; तोही न्यायालयात टिकला नाही. 2010 साली ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले आणि उच्च न्यायालयाचा प्रतिकूल निर्णय होऊनही सर्वोच्च न्यायालयात ते मान्य झाले. या सूत्रानुसार सहा विषयांपैकी सर्वांत कमी गुणांचा विषय वगळून टक्केवारी काढली जाते. समजा, एखाद्या विद्यार्थिनीला गणितात 71 आणि उरलेल्या पाच विषयांत मिळून 445 गुण आहेत. सहा विषयांवर तिची टक्केवारी 86 भरते, तर पाच विषयांवर 89. तिच्या ज्ञानात अक्षराचाही फरक न पडता टक्केवारी तीन अंकांनी वाढली, आणि असेच सर्वांचे झाल्यामुळे प्रवेशाची कटऑफही तितकीच वर गेली.

फुगवट्याची यंत्रणा सर्वांत स्पष्टपणे उघडी पडली ती 2019 साली. त्याआधी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांत 80 गुणांची लेखी परीक्षा आणि शाळेने द्यायचे 20 गुण अशी विभागणी होती. बोलणे, ऐकणे, प्रकल्प करणे ही कौशल्ये कागदावर तपासता येत नाहीत, म्हणून अंतर्गत मूल्यमापन शैक्षणिकदृष्ट्या योग्यच होते; परंतु ज्या शाळेची प्रतिष्ठा विद्यार्थ्याच्या निकालावर अवलंबून, तिनेच त्याला गुण द्यायचे असल्याने ते सरसकट भरभरून दिले जात. लेखी परीक्षेत 80 पैकी 24 गुण मिळवणारा विद्यार्थी एरवी 30 टक्क्यांवर अनुत्तीर्ण ठरेल. त्याला शाळेने 18 गुण दिले की तो 42 टक्क्यांनी उत्तीर्ण होतो. 80 पैकी 72 मिळवणारी विद्यार्थिनी 90 टक्क्यांवर असते. शाळेने पूर्ण 20 गुण दिले तरी ती 92 वरच पोहोचते. दोघांमधले 60 टक्क्यांचे अंतर 50 वर येते, म्हणजे फुगवटा सर्वांना वर उचलताना एकमेकांच्या जवळही आणतो आणि निवडीसाठी आवश्यक असलेला फरकच पुसून टाकतो. 2019 साली हे 20 गुण काढून टाकले गेले, आणि 2018 मध्ये 89.41 टक्के असलेला राज्याचा निकाल एका वर्षात 77.10 टक्क्यांवर उतरला. शंभर टक्के गुण मिळवणारे विद्यार्थी 125 वरून 20 वर आले. इतर मंडळांचे अंतर्गत गुण मात्र कायम असल्याने राज्य मंडळाचे विद्यार्थी प्रवेशात मागे पडतील अशी ओरड झाली आणि त्याच वर्षी ते 20 गुण परत आणण्यात आले. 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. कोणतेही एक मंडळ एकट्याने गुण आवरू शकत नाही, हा या प्रयोगाचा धडा होता.

2021 साली करोनामुळे परीक्षाच रद्द झाली. नववीचा निकाल आणि दहावीचे शालेय मूल्यमापन यांवरून गुण दिले गेले, निकाल 99.95 टक्के लागला आणि 957 विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले. अकरावीसाठी जाहीर झालेली सामायिक प्रवेश परीक्षा उच्च न्यायालयाने रद्द ठरवल्याने, निवड करू न शकणाऱ्या गुणांवरच निवड करण्याची वेळ आली.

अशा गुणांवरून शाळांची तुलना करणे किती फसवे ठरते, हे विभागवार निकाल दाखवतात. 2025 साली कोकण विभाग 98.82 टक्के निकालासह राज्यात पहिला आला, तर लातूर विभागाचा निकाल 92.77 टक्के, म्हणजे शेवटून दुसरा होता. परंतु शंभर टक्के गुण मिळवणाऱ्या 211 विद्यार्थ्यांपैकी 113 एकट्या लातूर विभागातील होते. चांगले शिक्षण कोठे मिळते, या प्रश्नाचे उत्तर कोणते माप घेतले त्यावर पालटते. शिवाय या शंभर टक्क्यांत कला आणि क्रीडा यांसाठीचे वाढीव गुणही मिसळलेले असतात. शाळेच्या ‘शंभर टक्के निकालाचा’ फलक वाचतानाही किती मुलांना नववीतच थांबवले गेले आणि किती जणांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावले गेले, याची विचारणा व्हायला हवी. डोंगरी तालुक्यातील आश्रमशाळेत पहिल्या पिढीतील शिकणाऱ्या मुलीला 55 टक्क्यांपर्यंत नेणारा शिक्षक आणि खासगी शिकवणीच्या बळावर 95 टक्के मिळवणाऱ्या मुलांची शहरी शाळा यांना एकाच यादीत वर-खाली बसवणे हा त्या शिक्षकावर घोर अन्याय आहे.

या इतिहासाचा निष्कर्ष असा की गुण पुन्हा कडक करून फुगवटा जाणार नाही. परीक्षेकडून मागितलेली कामे वेगळी केली, तरच तो ओसरेल. शालेय टप्पा पुरा झाल्याचा दाखला उदार असावा. प्रवेशासाठी विद्यार्थ्याचे त्याच्या मंडळातील स्थान पाहावे. 2008 चे सूत्र न्यायालयात टिकले नाही, तरी त्यामागील प्रश्न रास्त होता आणि सर्व मंडळांनी मिळून त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. शाळांच्या गुणवत्तेसाठी मात्र ज्यावर कोणत्याही मुलाचा प्रवेश आणि कोणत्याही शाळेचा फलक अवलंबून नाही अशी नमुना पाहणी हवी, कारण जिच्यात फुगवण्यासारखे काही पणाला लागलेले नसते तीच पाहणी खरे सांगू शकते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि मंडळांमध्ये समकक्षता आणण्यासाठी स्थापन झालेली ‘परख’ ही संस्था या दिशेची पावले आहेत. ती पुढे पडतील की नाही, हे समाज शाळेला कोणता प्रश्न विचारतो यावर ठरेल. किती टक्के लागले, हे विचारणे निकालानुसार अनुदानाच्या काळापासून चालत आले आहे. मूल शाळेत आले तेव्हा कोठे होते आणि बाहेर पडताना कोठे पोहोचले, हे विचारण्याची सवय आता लावून घ्यावी लागेल.