दमवेलीचे एक पान आणि दोन चाचण्या : परागज्वरावरील निसर्गोपचारांचा इतिहास

१९६०च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये काही रुग्णांना एक विलक्षण औषध दिले जात होते. गोळी नव्हे, इंजेक्शन नव्हे. एक हिरवे पान. रोज सकाळी एक पान चावून गिळायचे, तेही केवळ सहा दिवस. पान होते दमवेलीचे, शास्त्रीय नाव टायलोफोरा इंडिका. देणारे होते डॉ. डी. एन. शिवपुरी. दिल्लीच्या हवेत कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाचे पराग तरंगतात, याची नोंद ठेवणाऱ्या भारतातील आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. शिंका, वाहणारे नाक, चुरचुरणारे डोळे आणि दमा यांनी गांजलेल्या माणसाला सहा पानांनी आराम पडतो का, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर मिळवणे किती कठीण असते, हे समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

१८१९ साली लंडनच्या वैद्यकीय सभेत जॉन बोस्टॉक या वैद्याने एका रुग्णाची हकिगत वाचून दाखवली. रुग्णाचे नाव फक्त ‘जे. बी.’, वय ४६. दर वर्षी जूनच्या सुमारास त्याचे डोळे लाल होत, शिंकांची सरबत्ती लागे, छाती भरून येई आणि उन्हाळा सरला की सारे आपोआप शमे. हा रुग्ण म्हणजे स्वतः बोस्टॉकच होता. त्याने रक्त काढून पाहिले, थंड पाण्याची स्नाने केली, अफू घेतली; खात्रीचा उपाय सापडला नाही. पुढे नऊ वर्षांनी त्याने आणखी रुग्णांच्या नोंदी मांडल्या आणि विकाराला ‘ग्रीष्मातील पडसे’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. लोक मात्र ताज्या कापलेल्या गवताला दोष देत आणि विकाराला ‘हे फीवर’ म्हणत. बोस्टॉकला ते पटले नव्हते. त्याच्या मते दोष उन्हाचा आणि उष्म्याचा होता. या एका बाबतीत लोक वैद्यापेक्षा सत्याच्या अधिक जवळ होते.

ते सिद्ध करण्याचे श्रेय चार्ल्स ब्लॅकली याचे. मँचेस्टरमध्ये होमिओपॅथीचा व्यवसाय करणारा हा वैद्य स्वतः याच विकाराचा रुग्ण होता. त्याने निरनिराळ्या वनस्पतींचे पराग स्वतःच्या नाकात ओढले, डोळ्यांना लावले, खरवडलेल्या त्वचेवर चोळले आणि काय होते ते लिहून ठेवले. चिकट काचपट्ट्यांवर हवेतील परागकण पकडून तो ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजत असे. उंचावरील हवेची परीक्षा करण्यासाठी त्याने या पट्ट्या पतंगांवरून वर पाठवल्या. पराग वाढले की लक्षणे वाढतात, हे त्याने १८७३च्या ग्रंथात आकड्यांनिशी दाखवले. माणूस कोणत्या पंथाचा आहे यावर निष्कर्षाचे मोल ठरत नाही, मोजणी कशी केली यावर ठरते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

कारण कळले, तरी यंत्रणा उलगडायला बराच काळ जावा लागला. आज आपण जाणतो की परागकणातील प्रथिने निरुपद्रवी असतात; परंतु काहींची रोगप्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे नाकाच्या व डोळ्यांच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा तोच पराग आला की या पेशी फुटल्यागत हिस्टॅमिन आणि इतर द्रव्ये बाहेर टाकतात. खाज, शिंका, सूज, पाणी हे सारे त्याचे परिणाम. म्हणून उपायांचे मार्गही ठरतात : पराग नाकात राहू न देणे, मास्ट पेशींना आवरणे, हिस्टॅमिनचा परिणाम रोखणे, सुजलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करणे किंवा शरीराला परागाची हळूहळू सवय लावणे. वनस्पती या मार्गांपैकी एकावर तरी चालते का, हाच खरा प्रश्न.

आणि काही वनस्पती चालतात. चीनमध्ये ‘मा हुआंग’ या नावाने शतकानुशतके वापरल्या जाणाऱ्या एफेड्रा या झुडपातून जपानी रसायनज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ साली एफेड्रिन वेगळे केले. जगाचे लक्ष मात्र त्याकडे गेले ते १९२०च्या दशकात, पेकिंगमध्ये के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी त्याचा रक्तवाहिन्यांवर व श्वासनलिकांवर होणारा परिणाम प्रयोगांनी दाखवला तेव्हा. भारतातही कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी देशी एफेड्राच्या जातींचा अभ्यास केला. चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन हे याच कुळातले. पण याच वनस्पतीने धडाही दिला. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या गेलेल्या एफेड्राच्या पूरक उत्पादनांमुळे हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना नोंदल्या गेल्या आणि अमेरिकेने २००४ साली त्यांवर बंदी घातली. जे औषध हृदयाचे ठोके वाढवू शकते, ते पानातून आले तरी वाढवतेच.

दुसरी कथा इजिप्तची. तेथे अम्मी व्हिसनागा नावाच्या, बडीशेपेच्या कुळातील वनस्पतीचे बी पूर्वापार औषधात वापरत. त्यातील खेलिन हे द्रव्य स्नायू शिथिल करते. खेलिनसारखी संयुगे बनवताना इंग्लंडमध्ये रॉजर अल्टून्यान या दमेकरी डॉक्टरने ती स्वतःवरच तपासली. गिनीपिगच्या केसांच्या अर्काचा फवारा श्वासात घेऊन तो स्वतःला दम्याचा झटका आणी आणि कोणत्या संयुगाने तो टळतो ते मोजी. असे त्याने शेकडो वेळा केले. १९६५च्या सुमारास हाती आलेले सोडियम क्रोमोग्लायकेट स्नायूंना शिथिल करत नव्हते. ते मास्ट पेशींना आवरत होते आणि तेही पराग येण्यापूर्वी घेतले तरच. म्हणजे जे बियाणे करत होते, त्याहून निराळेच काही औषध करू लागले. आजही नाकाचे फवारे व डोळ्यांचे थेंब या रूपात ते वापरात आहे. परंपरेने दिशा दाखवली. वाट प्रयोगानेच चालून काढावी लागली.

आता पुन्हा दिल्ली. शिवपुरींसमोरची अडचण परागज्वराच्या स्वभावातच आहे : हा विकार हंगामी असून आपोआप ओसरतो. रुग्ण वैद्याकडे येतो तो त्रास टोकाला असताना. आठवड्याने बरे वाटले, तर श्रेय पानाचे की सरत्या हंगामाचे? म्हणून त्यांनी पानाची तुलना प्लासिबोशी केली, म्हणजे औषधी गुण नसलेल्या पर्यायाशी. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि मोजणाऱ्यालाही कळू नये, अशी दुहेरी-अंध व्यवस्था केली. दमा आणि ॲलर्जिक ऱ्हायनायटिस यांवरील त्यांचा असा अभ्यास १९६९ साली अमेरिकेच्या ‘जर्नल ऑफ ॲलर्जी’मध्ये प्रसिद्ध झाला. देशी वनस्पतीला आधुनिक चाचणीच्या तराजूत बसवणारे हे काम त्या काळी भारतात दुर्मीळच होते. निकाल आशादायक होते : पहिल्या आठवड्यात पान घेणाऱ्यांपैकी अधिक जणांना आराम पडला, पुढील आठवड्यांत तो फरक ओसरत गेला.

पण एक बारीक गोष्ट त्या अहवालांत प्रामाणिकपणे नोंदलेली आहे. पान चावल्याने अनेकांचे तोंड सोलवटत असे, मिठाची चव जात असे, मळमळ किंवा उलटी होत असे. ज्याच्या जिभेची चव गेली, त्याला आपल्याला खरे औषध मिळाले आहे हे ओळखायला डॉक्टरची गरज उरत नाही. अंधत्व कागदावर राहते, जिभेवर राहत नाही. त्यातच चाचणी अदलाबदलीची. म्हणजे एकाच रुग्णाला आधी एक आणि नंतर दुसरे दिले जाई. सहा दिवसांच्या पानाचा परिणाम काही आठवडे टिकत असेल, तर तो पुढच्या टप्प्यात मिसळून जातो. चाचणी वाईट नव्हती, पण तिच्यात दोन फटी होत्या.

अशा फटी बुजवण्याचा मार्ग एकच : दुसऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा करणे. १९७९ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये दम्यावरील दमवेलीची आणखी एक दुहेरी-अंध चाचणी प्रसिद्ध झाली. या वेळी दमवेल आणि प्लासिबो यांत लक्षणीय फरक आढळला नाही. ती चाचणी दम्याची होती, नाकाची नव्हती. म्हणून तिचा निकाल परागज्वरापर्यंत ताणणे योग्य नाही. तरीही पहिला उत्साह त्यानंतर टिकला नाही. इतिहासात अशा नकारार्थी निबंधांना मान मिळत नाही. वास्तविक, पहिल्या निबंधाने प्रश्न नीट विचारला आणि दुसऱ्याने उत्तर नीट ऐकले. दोन्ही कामे तितकीच मोलाची.

हाच तराजू इतर उपायांना लावला की चित्र स्पष्ट होते. स्थानिक मध खाल्ल्याने परागाची सवय होते, ही समजूत जगभर आहे. २००२ साली अमेरिकेच्या कनेटिकटमध्ये ३६ जणांवर झालेल्या चाचणीत स्थानिक मध, बाजारी मध आणि मधाच्या स्वादाचा मक्याचा पाक यांत फरक दिसला नाही. कारणही जीवशास्त्रातच आहे : मधमाशी रंगीत, सुगंधी फुलांचे जड, चिकट पराग गोळा करते, नाकाला छळतात ते गवतांचे आणि वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडांचे हलके पराग. याउलट युरोपातील बटरबर या वनस्पतीचा अर्क २००२च्या एका चाचणीत सेटिरिझिन या प्रचलित औषधाइतकाच उपयोगी ठरला. मात्र त्या चाचणीत प्लासिबोचा गट नव्हता आणि मूळ वनस्पतीत यकृताला घातक अल्कलॉइड असतात. यकृताला इजा झाल्याच्या नोंदींनंतर ब्रिटनच्या नियामकाने ही उत्पादने टाळण्याचा सल्ला दिला.

या सर्वांत टिकून राहिलेला उपाय सर्वांत साधा आहे : मिठाच्या पाण्याने नाक धुणे. ‘हठप्रदीपिके’त नेति ही क्रिया आहे, पण तेथे वर्णन सुताचे आहे, पाण्याची जलनेति ही तिची भावंडे. कारण उघड आहे : पराग आणि दाहक द्रव्ये धुऊन निघतात. २०१८च्या कोक्रेन आढाव्यानुसार त्याने ॲलर्जिक ऱ्हायनायटिसची लक्षणे कमी होऊ शकतात, मात्र पुराव्याची प्रत फार वरची नाही. येथेही एक अट आहे. पाणी उकळून गार केलेले किंवा निर्जंतुक हवे. अमेरिकेच्या लुइझियानात २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुतल्यानंतर मेंदूत अमीबाचा संसर्ग होऊन दोघांचा मृत्यू झाला होता.

हा इतिहास भारतासाठी केवळ कुतूहलाचा नाही. दिल्लीत वसंताच्या तोंडावर वावळ फुलते. १९५०च्या दशकात पुण्याजवळ नोंदले गेलेले गाजरगवत आज देशभर पसरले आहे आणि त्याच्या परागाने नाके वाहू लागतात हे बंगळुरूच्या अभ्यासांनी दाखवले आहे. झाडे बदलली, हवा बदलली. औषधाची हाक तीच आहे. त्या हाकेला ‘आजीच्या बटव्यातले आहे, म्हणून खरे’ हे उत्तर पुरत नाही, आणि ‘झाडपाला आहे, म्हणून खोटे’ हेही पुरत नाही. एफेड्रा आणि खेलिन यांनी दुसरे उत्तर खोडून काढले. मधाच्या चाचणीने आणि १९७९च्या निबंधाने पहिले. ज्याला दमा आहे, त्याने पानाच्या भरवशावर श्वासाचे औषध सोडू नये, ही यातून निघणारी व्यवहाराची शिकवण.

शिवपुरींनी पान हाती घेतले तेव्हा त्यांनी परंपरेचा अपमान केला नाही, तिला नमस्कार करून ते थांबलेही नाहीत. त्यांनी तिला प्रश्न विचारला. दहा वर्षांनी त्याचे उत्तर वेगळे आले, तरी प्रश्न विचारण्याची ती रीत आजही औषधी आहे.