आमचे घर : काल आणि आज

भगिनींनो, मी काही लेखिका नव्हे. सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. मंडळाच्या आग्रहावरून चार ओळी लिहीत आहे.

माझ्या सासूबाईंच्या उमेदीत नावड्यात घर म्हणजे ओटी, माजघर, पडवी आणि समोर भाताचे शेत. शेतासकट ते घर असे. १९७० साली सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये श्री. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झाले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. शेत गेले, भूखंड आला, त्यावर इमारत उठली. २०१६ साली आपण पनवेल महानगरपालिकेत आलो.

सासूबाई आता तिसऱ्या मजल्यावर राहतात. तिन्हीसांजेला विचारतात, "सूनबाई, माझी ओटी कुठं गेली गं?" मला उत्तर सुचत नाही.

माझे म्हणाल, तर माहेरच्या हक्कसोडपत्रावर मी मुकाट्याने सही केली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे मला मागाहून समजले. परवा लेकीने विचारले, "आई, तुझं घर कोणतं?"

लहानपणी घर म्हणजे आई, लग्नानंतर चूल. आता वाटते, घर म्हणजे कागदावरचे नावसुद्धा. भगिनींनो, सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्या, एवढीच विनंती.