जाळरेषा : सागवानासाठी आखलेली रेघ दाजीपूरच्या सड्यांवर

हिवाळा सरत आला की राधानगरी-दाजीपूरच्या डोंगरांवर काळे पट्टे दिसू लागतात. वणव्याच्या दिवसांआधीच गवताची एक लांब पट्टी कापून, जाळून मोकळी करायची. मग आग आली तरी तिला तेथे खायला काही उरत नाही. वनखात्याच्या भाषेत ही जाळरेषा.

तिची कीर्ती झाली ती सागवानामुळे. १८६० च्या दशकात पिअर्सन या अधिकाऱ्याने सातपुड्यातील बोरीचे जंगल अशा पट्ट्यांच्या आधारे वणव्यापासून राखून दाखवले. रेल्वेला लाकूड हवेच होते. साहजिकच ही पद्धत हिंदुस्थानभर पसरली. १८९६ मध्ये मात्र स्लेड या वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकात उलटा सूर लावला : ब्रह्मदेशात आगीपासून संरक्षण अति होत आहे. आग थांबली की झुडपे आणि बांबू माजतात व सागाची रोपे सावलीत गुदमरतात, असा हा वाद होता. वनस्पतींचा समूह आगीने बदलतो, तसाच आग अडवल्यानेही बदलतो, हे सरकारी चाकरीतल्या माणसाने इतक्या लवकर छापून मांडावे, हे विशेषच.

दाजीपूरचे रान म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव जंगल. संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले आणि १९५८ मध्ये येथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. या रानाच्या माथ्यावर जांभ्या खडकाचे सडे आहेत. तेथे माती कोठे वीतभर, कोठे बोटभरही नाही. पावसाळ्यात त्याच मातीवर गेंद, तेरडा, सीतेची आसवे फुलतात आणि दिवाळीच्या सुमारास बी टाकून वाळून जातात.

स्कॉटलंडच्या माळांवरही पट्टे जाळतात, पण तेथे जळते ते हीदरचे जिवंत झुडूप. जुने खोड जाऊन कोवळे फुटवे यावेत, हाच हेतू असतो. सड्यावर माघात जळतात ती बहुतेक वाळकी पाती. जमिनीतले कंद तगतात, रामेठा बुंध्यातून पुन्हा फुटतो. वर पडलेले बी होरपळते. खडकाच्या भेगेत शिरलेले वाचते.

धोका ज्वालेपेक्षा कुदळीचा अधिक. पट्टा खरवडून काढला की मातीबरोबर बियांचा साठाही जातो आणि पहिला वळीव उरलेसुरले धुऊन नेतो. जांभ्यावर बोटभर माती साठायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. खाली जंगलाच्या कडेला तऱ्हा वेगळी : तेथे उघड्या पडलेल्या पट्ट्यात अमेरिकेतून आलेली रानमोडी झपाट्याने शिरते.

तरीही जाळरेषा नकोच, असे म्हणता येत नाही. गवताळ उतारावरून चढत येणारा वणवा दाजीपूरच्या सदाहरित झाडीत घुसला, तर तिथल्या पातळ सालीच्या झाडांना आगीची सवय नाही. प्रश्न उरतो तो रेषा कोठून न्यावी याचा : सड्याच्या माथ्यावरून, की खालच्या जुन्या गाडीवाटेने, जिथे माती आधीच तुडवलेली आहे.