मुल्हेरची महमुदी

मोसम नदी साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरातून निघते, मुल्हेर, ताहाराबाद, नामपूर अशी वाट काढत मालेगावाजवळ गिरणेला मिळते. या खोऱ्याचा जुना मुलूख म्हणजे बागलाण. सुरतेचे बंदर, बुऱ्हाणपूर आणि दौलताबाद या तीन सत्ताकेंद्रांच्या मधोमध तो वसला होता. त्यामुळे गुजरातची सुलतानशाही, खानदेशची फारुकी राजवट आणि पुढे मोगल या सगळ्यांचा या खोऱ्याशी संबंध आला. तो संबंध केवळ स्वाऱ्यांचा नव्हता. नाणे, व्यापारी मार्ग, काव्य आणि महसूल या चारही वाटांनी इस्लामी जगाची संस्कृती मोसमकाठी पोचली, आणि स्थानिक लोकांनी ती आपल्या रीतीने वापरली.

फारसी साहित्यात बागलाणचा शिरकाव बराच लवकर झाला. १२९९ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या फौजांनी गुजरात जिंकल्यावर राजा कर्ण वाघेला देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने बागलाणात राहिला. त्याची मुलगी देवलदेवी वेरुळच्या परिसरात दिल्लीच्या सैन्याच्या हाती लागली, असे सांगतात. तिच्या आणि शाहजादा खिज्रखानाच्या प्रेमावर अमीर खुस्रोने दीर्घ फारसी काव्य रचले. ते १३१६ च्या सुमारास पुरे झाले. त्यातले किती इतिहास आणि किती कविकल्पना यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण या डोंगराळ मुलखातली एक कहाणी दिल्लीच्या दरबारी वाङ्मयात अजरामर झाली, एवढे खरे.

बागलाणवर बागूल राजांचे राज्य होते. ते स्वतःला कनोजच्या राठोडांचे वंशज म्हणवीत. राजधानी मुल्हेर, म्हणजे संस्कृत ग्रंथांतले मयूरगिरी. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या प्रदेशाची नोंद करताना सात किल्ल्यांचा उल्लेख केला आणि त्यांपैकी साल्हेर व मुल्हेर विशेष बळकट असल्याचे लिहिले. द्राक्षे, डाळिंबे, सफरचंदे इथे उत्तम पिकतात, असेही तो सांगतो. आज सटाणा-नामपूर भागातल्या डाळिंबाच्या बागा पाहणाऱ्याला ही चारशे वर्षांपूर्वीची नोंद वाचून समाधान वाटावे.

बागूल राजांच्या काळातली सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे महमुदी. हे मूळचे गुजरातच्या सुलतानांचे चांदीचे नाणे, वजन साडेपाच ग्रॅमच्या आसपास. मोगल रुपयाला साधारण सव्वादोन ते अडीच महमुद्या मिळत. गुजरातची सुलतानशाही १५७३ मध्ये अकबराने संपवली, तरी सुरतेच्या पेठेत महमुदीवरचा विश्वास उडाला नाही. कापूस, नीळ, कापड यांचे भाव तिच्यातच ठरत. सुरतेच्या इंग्रज वखारीचे सुरुवातीचे हिशेबही बहुतांशी महमुदीतच आहेत. ही मागणी मुल्हेरच्या टांकसाळीने भागवली. १६१० मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्यानेही इथला बागूल राजा प्रतापशाह महमुद्या पाडतो, असे लिहून ठेवले. डोंगरातल्या एका हिंदू राजाने सुलतानी धाटणीचे, अरबी अक्षरांचे नाणे पाडावे आणि ते अरबी समुद्राच्या व्यापारात बिनदिक्कत चालावे, यात त्या काळी कोणालाच वावगे वाटले नाही. व्यापाऱ्याला नाण्यातली चांदी आणि पेठेतली पत महत्त्वाची होती.

फिंचच्याच सांगण्याप्रमाणे अकबराच्या फौजेने बागलाणला सात वर्षे वेढा घातला. घाटवाटा इतक्या अरुंद होत्या की दोनच माणसे शेजारून चालू शकत. अखेर तडजोड झाली. राजाला काही गावे मिळाली, आणि त्याने मुलखातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या रक्षणाची हमी देऊन एक मुलगा बुऱ्हाणपुरास ओलीस ठेवला.

बागूल राजांच्या दरबारात रुद्रकवी होता. त्याने १५९६ मध्ये बागूल घराण्यावर ‘राष्ट्रौढवंश’ हे संस्कृत महाकाव्य लिहिले. पण त्याची लेखणी तिथे थांबली नाही. अकबराचा मुलगा दानियाल, जहांगीर आणि सेनापती अब्दुर्रहीम खानखानान यांच्यावरही त्याने संस्कृतात रचना केल्या. खानखानानचे चरित्र १६०९ चे आहे. हा खानखानान स्वतः मोठा साहित्यिक होता. बाबराचे तुर्की आत्मचरित्र त्याने फारसीत आणले आणि रहीम या नावाने हिंदी दोहे रचले. बुऱ्हाणपुरात राहून दख्खनची मोहीम चालवणाऱ्या या मोगल सरदाराचे गुणगान मुल्हेरच्या संस्कृत पंडिताने करावे, ही त्या काळच्या सांस्कृतिक देवघेवीची सर्वांत सुंदर खूण आहे. तिला आपल्याकडे मिळावी तेवढी प्रसिद्धी मिळालेली नाही.

१६३८ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या शाहजादा औरंगजेबाने बागलाण जिंकले. राजा बहिरजीने शरण येऊन मनसब स्वीकारली. शाहजहानच्या दरबारी इतिहासात या मुलखाचे ९ किल्ले, ३४ परगणे आणि १००१ गावे मोजलेली आहेत. मोहिमेच्या सरदारांपैकी मुहम्मद ताहिर याच्याकडे नंतर बागलाणचा कारभार आला, आणि नामपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या ताहाराबादचे नाव त्याच्यावरून पडले. महमुदीचा जोर ओसरून तिची जागा हळूहळू रुपयाने घेतली.

ताहाराबाद मोक्याच्या जागी होते. सुरतेहून औरंगाबादला जाणारा रस्ता नवापूर, पिंपळनेर करत शेलबारी घाटाने इथे उतरे आणि पुढे सटाणा, उमराणे, अंकाई-टंकाईकडे जाई. १६६६ मध्ये फ्रेंच प्रवासी तेव्हनो याच वाटेने गेला. मोगल अमलातल्या शेतसाऱ्याची घडी दख्खनचा दिवाण मुर्शिद कुलीखान याने १६५० च्या दशकात बसवली. पावसावरच्या पिकाचा निम्मा वाटा सरकारचा, विहिरीच्या पाण्यावरच्या धान्याचा एक तृतीयांश, आणि ऊस-द्राक्षांसारख्या बागायतीला त्याहून कमी. विहीर खणणाऱ्याचा खर्च आणि कष्ट हिशेबात धरणारी ही आकारणी शेतकऱ्याच्या बाजूने विचार केलेली होती.

१६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी साल्हेर घेतला, पुढच्या वर्षी त्याच्या पायथ्याशी मोगलांचा मोठा पराभव झाला, आणि १६८७ मध्ये किल्ला पुन्हा मोगलांकडे गेला. पेशवाईत खोऱ्याचे केंद्र नदीच्या खालच्या अंगाला सरकले. नारोशंकर राजेबहाद्दरांनी मालेगावात मोसमकाठी किल्ला बांधला. १८१८ मध्ये तो इंग्रजांविरुद्ध महिनाभर लढवला तो तिथल्या अरब शिबंदीने. त्यानंतर उत्तर हिंदुस्थानातून, विशेषतः १८५७ चा उठाव आणि १८६० च्या दशकातला दुष्काळ या काळात, मोमीन विणकर मालेगावात येऊन स्थायिक झाले. त्यांच्या हातमागांवर आणि पुढे यंत्रमागांवर विणलेली रंगीत नऊवारी लुगडी खानदेश आणि बागलाणच्या आठवडे बाजारांतून घरोघरी गेली.