‘कुंकू’ आणि सावत्र नाते

मराठीतील ‘सवत’ हा शब्द संस्कृत ‘सपत्नी’पासून आला असून ‘सावत्र’ हे विशेषणही त्याच कुळातले होय. संस्कृतातच ‘सपत्न’ म्हणजे शत्रू असा अर्थ रूढ झाला होता. या नात्यात वैर असे आधीच गृहीत धरलेले आहे. लोककथांतील सावत्र आई त्या गृहीतावरच उभी असते.

प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली काढलेल्या, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’त हा संकेत उलटला आहे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. फसवून वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा घरात येते ती थेट प्रौढ मुलांची आई होऊन. येथे छळ करणारी आई नाहीच. सावत्र मुलगा पंडितच तिच्यावर पापी नजर ठेवतो. सावत्र मुलगी चित्रा मात्र पित्याला दोष देऊन नीरेची बाजू घेते. संततिनियमनाच्या प्रचारक शकुंतला परांजपे यांनी ही भूमिका करावी, हा योगायोग खचितच अर्थपूर्ण आहे.

काकासाहेबांच्या आत्महत्येने कथेचा गुंता सुटतो, तो काहीसा सोयीस्करपणे. तथापि कथाकाराला दोष देण्यापूर्वी कायदा पाहावा. १९२९ च्या शारदा कायद्याने वधूचे किमान वय १४ ठरविले. वराच्या कमाल वयाला मर्यादा घातली नाही. विधवेला पुनर्विवाहाची मुभा १८५६ पासून होती, पण मुंबई प्रांतातील हिंदू पत्नीला घटस्फोटाचा कायदा १९४७ साली मिळाला. नीरेच्या सुटकेसाठी पतीचा मृत्यूच आवश्यक होता. चित्रा त्यानंतरही तिची ‘सावत्र मुलगी’च राहते.