हात मागे घेतला तेव्हा

व्हिडिओ कॉल संपताना माझी आजी फोनच्या काचेवरून हात फिरवते. तिला वाटतं, माझा गाल कुरवाळतेय. इकडे मला दिसतो तो फक्त कॅमेरा झाकणारा तिचा तळवा. मग अंधार.

लांबच्या माणसाला हात लावायची ही धडपड किती जुनी, हे शोधताना मी १९७० सालच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात येऊन थांबले. मायरन क्रूगर तिथे ‘मेटाप्ले’ नावाचा प्रयोग मांडत होता. प्रेक्षक कलादालनात, कॉम्प्युटर मैलभर लांब. दोन्हींमधला डेटा नीट पोचेना, म्हणून क्रूगर आणि त्याचा सहकारी आपापल्या जागी बसून बिघाड शोधत होते. दोन्हीकडची कॅमेऱ्याची चित्रं एकाच पडद्यावर मिसळलेली. दोघंही त्यावरच्या सिग्नलकडे बोट दाखवून बोलत होते. बोलता बोलता क्रूगरच्या हाताचं चित्र सहकाऱ्याच्या हाताच्या चित्रावर आलं. आणि सहकाऱ्याने हात चटकन बाजूला घेतला.

मैलभर अंतरावर! कुणी कुणाला शिवलंही नव्हतं. तरी चुकून धक्का लागल्यावर आपण लोकलमध्ये अंग चोरतो, तसंच झालं.

याच प्रसंगातून क्रूगरचं ‘व्हिडिओप्लेस’ उभं राहिलं. वेगवेगळ्या खोल्यांतली माणसं एकाच पडद्यावर भेटायची. पुढे कॉम्प्युटर त्यांच्या आकृतीची कड ओळखून हालचालीला उत्तर देऊ लागला. ना हातमोजे, ना चष्मा. आकृत्या सावल्यांसारख्या सपाट, पण लोक त्यांच्याशी खेळायचे.

याउलट आपला ‘होलोग्राम’. २०१४ च्या निवडणुकीत एकाच वेळी अनेक गावांच्या मंचावर नेता उभा राहिला, ते आठवतंय? खरं तर तो होलोग्राम नव्हताच. डेनिस गॅबोरने १९४७ मध्ये शोधलेली होलोग्राफी (तिला १९७१ चं नोबेल मिळालं) म्हणजे प्रकाशलहरींची नोंद. मंचावरची युक्ती १८६२ च्या लंडनची, ‘पेपर्स घोस्ट’: लपलेल्या नटावर झगझगीत उजेड टाकायचा आणि तिरक्या काचेत त्याचं प्रतिबिंब दाखवायचं. आता काचेऐवजी पातळ पारदर्शक पडदा असतो, एवढंच. प्रतिमा ठसठशीत, पण पहिल्या रांगेतलं कुणी उठून गेलं तरी तिला पत्ता नाही. मला क्रूगरची सपाट सावली जास्त जिवंत वाटते, ती यामुळेच.

२०१० मध्ये आलेल्या कायनेक्टने अदृश्य इन्फ्रारेड ठिपके पसरून खोलीतल्या शरीराचं अंतर मोजलं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘होलोपोर्टेशन’ दाखवलं: भोवती खोली मोजणारे कॅमेरे लावून माणसाची त्रिमित आकृती तिथल्या तिथे दुसऱ्या खोलीत पाठवायची. समोरच्याने होलोलेन्स घातला की माणूस समोर हजर. हात पुढे केला तर तो मात्र आरपार जातो.

रविवारी आजीने पुन्हा तळवा काचेला टेकवला. यावेळी मी मान थोडी पुढे केली.