सेवेच्या हेतूची झडती

कुणी आजाऱ्याच्या उशाशी चार रात्री जागलं की हल्ली त्याच्या मनाची झडती सुरू होते. आपल्यावाचून कुणाचं तरी अडावं, ही भूक भागवण्यासाठीच माणसं सेवा करतात, असं शिकलेली मंडळी छातीठोकपणे सांगतात. मला ते मान्य नाही.

त्यात खरं आहे तेही सांगायला हवं. नागपूरच्या मिहानमधल्या एम्समध्ये विदर्भातून, मध्य प्रदेशातून रुग्ण येतात, सोबत घरचं माणूस असतं. लकवा झालेल्या नवऱ्याला सांगितलेलं असतं, दुबळ्या झालेल्या हातानंच जेवा. चमचा थरथरतो, वरण चादरीवर सांडतं आणि बायको ‘द्या इकडे’ म्हणत भरवू लागते. त्यात माया आहे, घाई आहे आणि आपण लागतो याचं सुखही आहे.

पण सुख मिळालं म्हणजे सुखासाठीच केलं, हे कसं? जोसेफ बटलर या इंग्रज धर्मोपदेशकानं १७२६ साली छापलेल्या प्रवचनांत या तर्काचा समाचार घेतला होता. दुसऱ्याचं बरं व्हावं ही आस आधी नसेल, तर तो बरा झाल्याचं समाधान येणार कुठून?

शिवाय हेतू पारखायचा तो दोन हेतूंच्या वाटा फुटतात तिथं. तीच बाई काही दिवसांनी पदर मुठीत धरून बसते. वरण सांडतं, तिचा हात पुढे होत नाही. तो अर्धी वाटी स्वतः संपवतो. तिची गरज तेवढी कमी झाली, आणि ती तिनंच होऊ दिली. यावर कुणी म्हणेल, आता तिला शहाणी म्हणवून घ्यायचं सुख हवंय. भरवलं तरी स्वार्थ, न भरवलं तरी स्वार्थ! मग हा सिद्धान्त चूक ठरणार तरी कधी?

नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर वरोरा. तिथं पावसात पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरोग्याला पाहून बाबा आमटे घाबरून पळाले, मग परत फिरले आणि त्याची शुश्रूषा केली. आपण हे काम स्वतःच्या भीतीवर मात करण्यासाठी धरलं, हे त्यांनीच उघड सांगितलं. संशय घेणाऱ्यांना यापेक्षा मोठा पुरावा मिळायचा नाही. पण भीती एका रुग्णाजवळ बसूनही जिंकता आली असती. कलकत्त्याला जाऊन या रोगाचं शिक्षण घेणं, १९४९ साली महारोगी सेवा समिती काढणं, आनंदवनात रोग्यांच्या हाती शेती आणि माग देणं, एवढ्या सगळ्याचा हिशेब भीतीनं लागत नाही. ज्याला माणसं आपल्यावर विसंबलेली हवी असतात, तो त्यांच्या हातात कुदळ कशाला देईल?

या संशयाचा फटका वॉर्डातल्या त्या बाईला बसतो. आपल्याला बरं वाटलं, याचीच तिला लाज वाटू लागते. तिला खरी गरज असते कधी थांबायचं हे सांगणाऱ्या नर्सची, आणि तिच्या जागी रात्रभर बसायला तयार असलेल्या दिराची.